‘शिवा’ (१९८९) : साखळी सर्वांनी उचलली, आवाज कोणी का उचलला नाही?

पडद्यामागचा

दिग्दर्शक रामगोपाल वर्मा यांच्या ‘शिवा’ या तेलुगू चित्रपटाचा विषय निघाला की चर्चा सायकलच्या साखळीपाशी येऊन थांबते. महाविद्यालयाच्या आवारात गुंड विद्यार्थ्यांशी गाठ पडलेला नायक सायकलची साखळी हाताने ओढून तोडतो आणि तिचेच शस्त्र करतो, हे दृश्य चित्रपट न पाहिलेल्यांनाही ऐकून ठाऊक असते. गेल्या पस्तीस वर्षांत तेलुगूमध्ये, तमिळमध्ये आणि हिंदीत या दृश्याच्या इतक्या नकला झाल्या की मूळ दृश्यात नेमके काय होते, हे पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. माझे म्हणणे असे आहे की त्या प्रसंगात साखळी दुय्यम आहे आणि प्रसंग उभा राहतो तो आवाजावर. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ‘शिवा’ ५ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा वर्मा सत्तावीस वर्षांचे होते आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. विजयवाड्याच्या सिद्धार्थ अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य अभियंता झालेला हा तरुण काही काळ हैदराबादेत एका बड्या हॉटेलच्या बांधकामावर काम करीत होता. पुढे त्याने अमीरपेठ भागात व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान काढले. त्याचे वडील अन्नपूर्णा स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते, हा तपशील बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. मला मात्र या चित्रपटाची किल्ली तिथेच सापडते. हा स्टुडिओ अक्किनेनी नागेश्वर राव यांचा. त्यांचे थोरले चिरंजीव वेंकट आणि जावई यार्लगड्डा सुरेंद्र यांनी ‘शिवा’ची निर्मिती केली, तर धाकटे चिरंजीव नागार्जुन त्याचे नायक झाले. त्याच वर्षी नागार्जुन यांचा मणिरत्नम यांनी दिग्दर्शित केलेला ‘गीतांजली’ही आला होता. एकाच वर्षात एक हळवी प्रेमकथा आणि एक कोरडा, रूक्ष गुन्हेपट करणारा नायक त्या काळच्या तेलुगू पडद्यावर विरळाच म्हणावा लागेल.

आता आवाजाकडे येतो. १९८०च्या दशकातील आपल्या मारधाडपटांचा ध्वनिपट आठवून पाहा. नायक पडद्यावर आला की तुतारी वाजते, खलनायक हसला की ते हसू घुमते, ठोसा बसला की तोच तो ठरावीक ‘ढिशुम’ ऐकू येतो आणि या सर्वांच्या मागे वाद्यवृंद अखंड वाजत राहतो. ‘शिवा’मध्ये पाठलाग सुरू झाला की कानावर आधी येतात ती धावणाऱ्यांची पावले. त्यानंतर धाप ऐकू येते, बंद होणारे दार ऐकू येते. इळैयराजा यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना त्याला इतक्या वेळा थांबायला लावणे, हा नवख्या दिग्दर्शकाचा धीटपणा आहे आणि इळैयराजा यांनी ते मान्य केले, हे त्यांचे मोठेपण आहे. साखळीच्या प्रसंगातही हाणामारीच्या आधीचा ताण लांबवलेला आहे, त्यामुळे धातू तुटल्याचा आवाज थेट अंगावर येतो. पुढे नकला करणाऱ्यांनी साखळी घेतली, वर तिच्यामागे ढोल वाजवले आणि परिणाम का साधत नाही म्हणून आणखी ढोल वाजवले.

या चित्रपटाचे खरे ऋण कोणते आणि ते पुढे का चालवले गेले नाही, याविषयी सदस्यांनी लिहावे. कथानक थोडक्यात येथेच देतो, म्हणजे पुन्हा सांगावे लागणार नाही. शिवा शहरातील महाविद्यालयात प्रवेश घेतो. तेथील विद्यार्थी संघटना जेडी नावाच्या पुढाऱ्याच्या मुठीत असते, जेडी भवानी नावाच्या गुंडाचा माणूस असतो आणि भवानीमागे माचिराजू हा राजकारणी असतो. शिवा एकेका पायरीवरच्या माणसाला हलवीत वर जातो आणि त्याची किंमत त्याच्या मित्रांना व घरच्यांना मोजावी लागते.

भाग्यनगरी

धागा उत्तम आहे, परंतु विजयवाड्याचा उल्लेख केवळ महाविद्यालयाच्या नावापुरता करून चालणार नाही. मी अनेक वर्षे हैदराबादेत राहतो. येथील माझ्या पिढीच्या लोकांशी ‘शिवा’विषयी बोललो की साखळीच्याही आधी विजयवाड्याचे राजकारण निघते.

१९७०च्या दशकापासून त्या शहरात वंगवीटी आणि देविनेनी या दोन घराण्यांचे गट एकमेकांविरुद्ध उभे होते आणि त्या वैराचा एक मोठा आखाडा म्हणजे महाविद्यालये होती. दोन्ही बाजूंच्या स्वतःच्या विद्यार्थी संघटना होत्या. कोणत्या महाविद्यालयात कोणाचे पॅनेल निवडून येते, यावरून शहरातील कोणता भाग कोणाचा हे ठरत असे. दोन्ही घराण्यांतील माणसे मारली गेली. २६ डिसेंबर १९८८ रोजी आमदार वंगवीटी मोहन रंगा यांची उपोषणाला बसलेले असताना हत्या झाली, त्यानंतर दंगली उसळल्या आणि विजयवाड्यात संचारबंदी लागली. ‘शिवा’ त्यानंतर दहा महिन्यांच्या आत पडद्यावर आला. वर्मा यांनी विद्यार्थी म्हणून हे शहर आतून पाहिलेले होते आणि २०१६ मध्ये त्यांनी या घराण्यावर ‘वंगवीटी’ याच नावाचा चित्रपट काढला.

म्हणून ‘शिवा’च्या यशाचे श्रेय केवळ तंत्राला देणे मला अपुरे वाटते. चित्रपटात शहराचे नाव घेतलेले नाही आणि कोणत्याही घराण्याकडे बोट दाखवलेले नाही. तशी आवश्यकताच नव्हती. फाटकाशी टोळके उभे असलेले महाविद्यालय प्रेक्षकाने स्वतःच्या गावात पाहिलेले होते. आपल्या महाराष्ट्रातही महाविद्यालयीन निवडणुकांतील मारामाऱ्या एवढ्या वाढल्या होत्या की १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकाच बंद केल्या. त्या काळात शिकलेल्या मराठी वाचकांना जेडीची ओळख करून द्यावी लागणार नाही.

पडद्यामागचा

भाग्यनगरी, शहराचा मुद्दा मान्य आहे. मात्र एक लक्षात घ्यावे. कथेच्या सांगाड्याविषयी वर्मा यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे की तो ब्रूस ली यांच्या ‘रिटर्न ऑफ द ड्रॅगन’वरून घेतला आणि त्यातील उपाहारगृहाच्या जागी महाविद्यालय ठेवले. बाहेरून आलेला माणूस, टोळीच्या दहशतीखालची जागा आणि चढत्या क्रमाने येणारे प्रतिस्पर्धी, हा आराखडा परका आहे. तो उसना आहे हे कळूनही चित्रपट उसना वाटत नाही, याचे कारण तुम्ही सांगता तेच असावे.

मंद्रसप्तक

ध्वनीच्या क्षेत्रात काम करीत असल्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

तो काळ मोनो ध्वनिपटाचा होता. सर्व आवाज फिल्मच्या कडेवरील एकाच पट्टीत बसवायचे आणि ते पडद्यामागच्या कर्ण्यांतून बाहेर यायचे. या पट्टीची मर्यादा अशी की अगदी हळू आवाज तिच्या मूळच्या खरखरीत बुडतो आणि फार मोठा आवाज फाटतो. मधली जागा अरुंद असते. अशा स्थितीत बहुतेक मिक्सिंग करणारे, म्हणजे सर्व आवाज एकत्र मिसळणारे तंत्रज्ञ, सुरक्षित मार्ग धरीत आणि सर्व काही सारख्याच मोठ्या पातळीवर ठेवीत. लहान गावातील टॉकीजमध्ये कर्णे जुने, पंख्यांची घरघर आणि प्रेक्षकांचा गलबला, त्यामुळे वितरकही ‘आवाज वाढवा’ असेच म्हणत. सगळेच मोठे झाले की काहीच मोठे उरत नाही, हे गणित मात्र कोणी मांडत नसे.

‘शिवा’त हे गणित मांडलेले दिसते. दीपन चटर्जी यांचे नाव या चित्रपटाच्या ध्वनीशी जोडलेले आहे. पावलांचे आवाज, कापडाची सळसळ, वस्तू खाली ठेवल्याचा आवाज हे सर्व नंतर स्टुडिओत वेगळे करून घ्यायचे असते, त्याला आम्ही फोली म्हणतो. त्या वेळच्या मारधाडपटांत फोलीवर वेळ खर्च होत नसे, कारण ती संगीताखाली गाडली जाणार हे सर्वांना माहीत असे. येथे संगीत मागे सरकवल्यामुळे फोली उघडी पडली आणि उघडी पडणार म्हणून ती नीट करावी लागली. मल्लीच्या पाठलागाचा प्रसंग पुन्हा एकदा डोळे मिटून ऐकावा. चिन्ना या नटाने केलेला हा शिवाचा मित्र जीव वाचवण्यासाठी पळतो, तेव्हा पावलांच्या लयीवरूनच माणूस किती थकला आहे आणि मागचे किती जवळ आले आहेत, हे समजते. तो मरणार हे प्रेक्षकाच्या कानाला डोळ्यांच्या आधी कळते.

नकलाकारांनी आवाज का उचलला नाही, याचे माझ्या परीने उत्तर असे की साखळी विकत मिळते. शांतता मिळवण्यासाठी संगीतकाराला थांबवावे लागते, संकलकाला दृश्य लांबवू द्यावे लागते, वितरकाचे ऐकायचे नसते आणि फोलीला आणखी दिवस द्यावे लागतात. पहिला चित्रपट करणाऱ्या माणसाला हे सर्व मिळाले, कारण निर्मात्यांचा स्वतःचाच स्टुडिओ होता. प्रत्येकाला असे घर मिळत नाही.

तिसरी_घंटा

कॅमेऱ्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. छायालेखक एस. गोपाल रेड्डी यांनी या चित्रपटात स्टेडीकॅम वापरला. तेलुगूमध्ये तेव्हा ही नवलाई होती. कॅमेरा चालवणाऱ्याच्या अंगावर पट्ट्यांचे जाकीट असते, त्याला स्प्रिंगचा हात जोडलेला असतो आणि त्या हाताच्या टोकाला वजनाने तोललेला कॅमेरा तरंगत राहतो. माणूस पळाला, वळला, जिना चढला तरी चित्र हिसकत नाही. त्याआधी धावत्या माणसाबरोबर जायचे तर जमिनीवर रूळ टाकून ट्रॉली ढकलावी लागे आणि अरुंद गल्लीत ते जमत नसे. मग दिग्दर्शक दुरूनच झूम करीत. झूम करून आणलेला चेहरा मोठा होतो, पण आपण त्याच्या जवळ गेलो असे वाटत नाही. ‘शिवा’तील पाठलागात प्रेक्षक गल्लीत उतरतो. पावलांचा आवाज परिणाम करतो तो यामुळे, असे माझे मत आहे. कॅमेरा दूर असता तर तीच पावले खोटी वाटली असती. मंद्रसप्तक यांनी डोळे मिटायला सांगितले आहे, पण मी डोळे उघडे ठेवण्याच्या बाजूची आहे.

मात्र मूळ लेखातील भक्तिभाव मला पूर्ण पटलेला नाही. दोन गोष्टी या चित्रपटाला खाली ओढतात. पहिली म्हणजे गाणी. ‘बॉटनी पाठमुंदी’ हे सीतारामशास्त्री यांचे गाणे महाविद्यालयीन वातावरणात खपून जाते, उरलेल्या गाण्यांपैकी बहुतेक कथेला थांबवून येतात. दुसरी म्हणजे आशा. अमला यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री घेतली आणि तिला नायकाकडे काळजीने पाहण्यापलीकडे फारसे काम दिले नाही. शेवटाकडे शिवाच्या लहान पुतणीचा बळी घेतला जातो, तोही त्याच्या सूडाला धार यावी म्हणून. वास्तवाचा आव आणणारा चित्रपट स्त्रिया आणि मुले यांच्याबाबतीत जुन्याच मारधाडपटाच्या वाटेने जातो.

पडद्यामागचा

गाण्यांविषयी वाद घालणार नाही. इळैयराजा यांची गाणी वेगळी काढून ऐकायला मलाही आवडतात, चित्रपटात मात्र ती निर्मात्याच्या विम्यासारखी ठेवलेली आहेत. आशाविषयीचा आक्षेपही रास्त आहे. पुतणीच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. शिवा भवानीच्या माणसांना हटवत जातो, तशी माणसे आपली कामे घेऊन त्याच्याकडे येऊ लागतात आणि माचिराजूसारखा राजकारणी भवानीला सोडून वाऱ्याची दिशा पाहू लागतो. भवानीची रिकामी होणारी खुर्ची नायकासाठी झाडून ठेवली जात आहे, हे चित्रपट सूचकपणे दाखवतो. त्या खुर्चीकडे जाण्याची किंमत घरातून वसूल होणे हे कथेला धरून आहे. ती किंमत लहान मुलीकडूनच का, हा तुमचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो.

सोलापूरची_चादर

आमच्या सोलापुरात तेलुगू बोलणारा विणकरांचा पद्मशाली समाज मोठा आहे, त्यामुळे तेलुगू चित्रपट येथे परके कधीच नव्हते. यंत्रमागावरची पाळी सुटली की लोक थेट टॉकीजवर जात. माझ्या वडिलांच्या पिढीने ‘शिवा’ तेलुगूतूनच पाहिला. त्यांच्या बोलण्यात नागार्जुनपेक्षा रघुवरन अधिक येतो, हे येथे नोंदवावेसे वाटते.

त्याआधीचे तेलुगू खलनायक पडद्यावर आले की ओळखू येत. भारी मिशा, गळ्यात साखळ्या, मोठमोठ्याने बोलणे. रघुवरन यांचा भवानी किडकिडीत आहे, साध्या कपड्यांत वावरतो आणि आवाज चढवत नाही. समोरचा काय बोलतो ते ऐकून घेतो आणि मग हाताखालच्या माणसाकडे नुसते पाहतो. आमच्या घरी असे म्हणतात की पूर्वीच्या खलनायकाला पाहून लोक शिव्या देत, भवानीला पाहून मात्र कोणी शिवी देत नसे. मूळ लेखातील आवाजाचा मुद्दा पाहता ही निवडही त्यातच बसते. गप्प पार्श्वसंगीतात ओरडणारा खलनायक विनोदी वाटला असता. कोटा श्रीनिवास राव यांचा माचिराजू बडबडा आहे आणि तो शेजारी असल्यामुळे भवानीचे मौन आणखी जड होते. तनिकेळ्ळ भरणी यांचे संवादही त्याच जातीचे आहेत. टाळ्या घेणारी वाक्ये कमी आणि नाक्यावर ऐकू येते तसे बोलणे अधिक.

वाचनवेडी

मराठी प्रेक्षकाला हा खलनायक तितका नवा वाटू नये. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये १९८३ सालीच सदाशिव अमरापूरकर यांनी रामा शेट्टी उभा केला होता. तोही खुर्चीत बसून शांतपणे बोलणारा आणि कायदा खिशात घेऊन फिरणारा. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. फरक इतकाच की तो चित्रपट समांतर सिनेमाच्या प्रेक्षकांसाठी होता आणि ‘शिवा’ने तसा माणूस दहा आण्यांच्या रांगेपर्यंत नेऊन पोचवला.

भाग्यनगरी

वाचनवेडी यांच्या प्रतिसादाला पूरक असे एक लिहितो. या चित्रपटाने माणसेही तयार केली. जेडीची भूमिका करणारे चक्रवर्ती पुढे आपल्या नावाआधी जे. डी. लावूनच ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये वर्मा यांच्या ‘सत्या’त त्यांनीच शीर्षक भूमिका केली. मुंबईच्या टोळीयुद्धावरचा तो चित्रपट आणि त्यातील भिकू म्हात्रे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. ‘शिवा’तील माणसे चौथ्या भिंतीकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, पाहून बोलत नाहीत, बोलता बोलता एकमेकांचे तोडतात, गल्लीत हरवतात, हे सर्व ‘सत्या’त अधिक पिकलेले दिसते. कृष्णवंशी आणि तेजा यांच्यासारखे पुढचे दिग्दर्शकही ‘शिवा’च्या काळात वर्मा यांच्या हाताखाली होते.

तरीही तेलुगू चित्रपटाने दिशा बदलली, असे मी म्हणणार नाही. काही वर्षे महाविद्यालयीन टोळीयुद्धांचे पीक आले आणि दशक सरता सरता आंध्रच्या रायलसीमा भागातील घराण्यांच्या वैरावरचे चित्रपट आले. त्यांत पुन्हा गर्जना, उडणाऱ्या जीपगाड्या आणि पल्लेदार संवाद आले. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. त्यामुळे ‘शिवा’ची शांतता लोकांना हवी होती आणि ती उद्योगाने दिली नाही, असे गृहीत धरता येत नाही. कदाचित लोकांना ती एकदाच हवी होती.

पडद्यामागचा

हा सर्वांत अवघड आक्षेप आहे. ‘शिवा’ अनेक केंद्रांवर शंभर दिवस चालला, त्याची तमिळ आवृत्ती ‘उदयम’ नावाने चालली आणि १९९० मध्ये वर्मा यांनी तो हिंदीत पुन्हा चित्रित केला. तीन भाषांतील प्रेक्षकांनी जे स्वीकारले त्याला अपघात म्हणायला मन तयार होत नाही. मला असे वाटते की यश मोजणाऱ्यांनी त्यातील मोजता येणारा भागच पाहिला, म्हणजे महाविद्यालय, टोळी, साखळी आणि तरुण नायक. न वाजलेले संगीत ताळेबंदात दिसत नाही.

झाडाखालचा_कट्टा

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी हा चित्रपट फोर-के प्रतीत पुन्हा प्रदर्शित झाला. जाणकारांना एक प्रश्न आहे. मूळ मोनो पट्टीपासून डॉल्बी अ‍ॅटमॉस ध्वनी तयार केला गेला, तर या धाग्यात ज्या आवाजाचे कौतुक चालले आहे तो शिल्लक राहतो का?

मंद्रसप्तक

प्रश्न योग्य आहे. एका पट्टीत मिसळलेले संवाद, संगीत आणि इतर आवाज आता संगणकाच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बऱ्यापैकी वेगळे काढता येतात. मग ते प्रेक्षकगृहात चहूबाजूंना आणि छताकडेही ठेवता येतात. जे वेगळे निघत नाही किंवा खराब निघते ते नव्याने करावे लागते. दुचाकी उजवीकडून डावीकडे गेली, पाठीमागे दार आपटले, असे परिणाम यातून मिळतात आणि तरुण प्रेक्षकांना ते आवडतात.

अडचण अशी की मोनोमध्ये पावले आणि माणूस एकाच जागी, पडद्याच्या मध्यभागी असत. लक्ष इकडेतिकडे जायला वावच नव्हता. आवाज चहूकडे पसरला की पाठलाग मोठा होतो, पण त्याची पकड सैल होण्याचा धोका असतो. उलट एक निश्चित लाभही आहे. जुन्या पट्टीची खरखर गेल्यामुळे शांत जागा आता खरोखर शांत होतात आणि मूळ कल्पनेला जे हवे होते, ते पट्टीच्या मर्यादेमुळे १९८९ मध्ये पूर्णपणे मिळाले नव्हते. ज्यांना दोन्ही ऐकणे शक्य आहे त्यांनी मल्लीचा पाठलाग दोन्ही प्रतींत लागोपाठ ऐकावा आणि आपले मत येथे लिहावे. माझा कल सध्या जुन्या प्रतीकडे आहे. साखळीच्या प्रसंगापुरता नव्या प्रतीकडे.

तिसरी_घंटा

पुनःप्रदर्शनाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट घडली, ती येथे यायला हवी. शिवा पुतणीला सायकलवर बसवून गुंडांपासून पळतो, त्या प्रसंगात प्रत्यक्ष त्या बालकलाकारालाच धोकादायक रीतीने सायकलवर नेण्यात आले होते. आता मोठ्या झालेल्या त्या कलाकाराची वर्मा यांनी समाजमाध्यमावर जाहीर क्षमा मागितली. त्या प्रसंगातील भीती इतकी खरी का वाटते, याचे एक उत्तर येथे मिळते आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. आवाज, कॅमेरा, शहर यांच्या जोडीला हेही त्या निर्मितीच्या हिशेबात धरावे लागेल.